कॅन्सरचे उपचार आणि हृदयाची वही : सोलापूरच्या घरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सोलापुरात एखाद्या घरात कॅन्सरचे निदान झाले की उपचारांसाठी माणसे वेगवेगळ्या दिशांना निघतात. कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची वाट धरतो, कोणी हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठतो, तर कोणी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातो. केमो तिकडे होते, एको (हृदयाची सोनोग्राफी) मात्र गावातल्याच हृदयरोगतज्ज्ञांकडे काढला जातो आणि बी.पी.ची गोळी वर्षानुवर्षे कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून चालू असते. या तिघांची एकमेकांशी गाठ सहसा पडत नाही. त्यांच्यामध्ये ये-जा करते ती नातेवाइकाच्या हातातली कागदांची पिशवी. त्यामुळे कॅन्सरच्या उपचारांत हृदय सांभाळायचे असेल, तर आधी त्या पिशवीत काय असायला हवे ते ठरवावे लागते, हे मी माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात शिकले.

आक्काला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. लाल औषधाचे (डॉक्सोरुबिसिनचे) चार डोस झाले, मग दर आठवड्याचे सलाईन आणि त्याबरोबर ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या काही कॅन्सरवरचे खास औषध सुरू झाले. सातव्या महिन्यात तिला जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तो केमोचा अशक्तपणा ठरवला आणि तिला खारीक-बदाम खाऊ घातले. दर तीन महिन्यांनी व्हायचा एको पुतण्याच्या लग्नापायी दीड महिना पुढे ढकलला होता, तोही आम्हीच. शेवटी इथल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोप लावण्याआधीच विचारले, ‘‘ताई, रात्री झोपताना उशा किती लागतात?’’ आक्का म्हणाली, ‘‘तीन.’’ ‘‘आणि दिवाळीत?’’ ‘‘एकच.’’ दाजी तिच्याकडे बघतच राहिले, कारण उशा तेच आणून देत होते आणि त्यांनाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. त्या दिवशीच्या एकोत हृदयाचा पंपिंगचा आकडा ४५ आला. आधी तो किती होता, हे मात्र आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही, कारण पहिल्या एकोचा कागद परगावच्या रुग्णालयाच्या फाईलमध्ये राहिला होता. दोन दिवसांनी त्याचा फोटो मोबाईलवर आला. आकडा ६२ होता.

पुढे जे लिहिले आहे ते कोणत्याही डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. विशेषतः हृदयाच्या भीतीने केमो नाकारणे किंवा मधेच सोडणे हा या लेखाचा अर्थ कोणीही काढू नये. बहुतेक रुग्णांचे हृदय उपचारांतून सुखरूप बाहेर येते. ज्यांच्या हृदयावर परिणाम होतो त्यांच्या बाबतीतही तो वेळेवर कळला, तर उपचार चालू ठेवण्याचा मार्ग बहुधा निघतो.

पहिली पायरी : पहिल्या डोसआधीचे आकडे

केमो सुरू होण्यापूर्वी ईसीजी, टू-डी एको, रक्तदाब, रक्तातील साखर आणि तिची तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या तपासण्या करून घ्याव्यात. हृदयाला जड जाणारे औषध मिळणार असेल, तर ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी या रक्ततपासण्यांची गरज आहे का, तेही विचारावे. हृदयाच्या पेशींवर ताण किंवा इजा झाली की रक्तात त्यांचे प्रमाण वाढते.

एकोच्या अहवालात सगळ्यात महत्त्वाचा आकडा असतो इजेक्शन फ्रॅक्शनचा, ज्याला दवाखान्यात नुसते ‘ईएफ’ किंवा ‘पंपिंग’ म्हणतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, ते हा आकडा सांगतो. कोणाचेही हृदय १०० टक्के रक्त फेकत नाही, त्यामुळे ‘६० म्हणजे ४० टक्के हृदय निकामी’ असा जो अर्थ घरोघरी लावला जातो, तो साफ चुकीचा आहे. ६० हा उत्तम आकडा आहे. एकाच माणसाचा साधा एको दोन वेगवेगळ्या यंत्रांवर काढला तरी त्यात बरीच तफावत येऊ शकते. म्हणून शक्य असेल तर प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर एको काढावा आणि तिथे स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आकसतो याचे माप) मोजण्याची सोय असेल तर तोही मोजून घ्यावा, कारण पंपिंग उतरण्याच्या आधी बरेचदा स्ट्रेन बिघडतो. ६० वरून ५६ झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र आकडा १० किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरून ५० च्या खाली गेला, तर कॅन्सरतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनाही तातडीने कळवलेच पाहिजे.

याच भेटीत रुग्णाचा जुना इतिहास न लपवता सांगावा. पूर्वीचा हृदयविकार, स्टेंट, मधुमेह, रक्तदाब, लहानपणीचा सांधेताप, पूर्वी घेतलेली केमो किंवा छातीवरचे रेडिएशन, आणि तंबाखू. मिश्रीचा उल्लेख मुद्दाम करते. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावरच्या आपल्या गावात कित्येक बायका ‘तंबाखू खात नाही’ असे मनापासून सांगतात, कारण दातांना लावलेली मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूच नसते. हिरडीतून शोषले जाणारे निकोटिन मात्र नाडी आणि रक्तदाब वाढवतेच.

दुसरी पायरी : आपल्याला मिळणारे औषध ओळखणे

‘केमो चालू आहे’ एवढ्याने हृदयरोगतज्ज्ञांना काहीच कळत नाही, कारण प्रत्येक औषधाचा हृदयाशी असलेला संबंध वेगळा आहे.

सर्वांत जपून राहण्याचे औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण त्याच्या रंगावरून लाल सलाईन म्हणतात आणि ज्यामुळे एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. एपिरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन त्याच कुटुंबातली. हृदयाच्या स्नायूंच्या पेशी एकदा मेल्या की त्यांची भरपाई जवळजवळ होतच नाही आणि या औषधांचा परिणाम डोसागणिक साठत जातो. म्हणून या ठिकाणी हिशेब महत्त्वाचा ठरतो. डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो. समजा, पृष्ठफळ १.५ चौरस मीटर आहे आणि प्रत्येक वेळी ९० मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन दिले आहे, तर चार वेळचे मिळून ३६० मिलिग्रॅम झाले, त्याला १.५ ने भागले की २४० येतात, म्हणजे दर चौरस मीटरला २४० मिलिग्रॅम. स्तनाच्या कॅन्सरमध्ये नेहमी दिल्या जाणाऱ्या चार डोसांचा हिशेब साधारण इथेच येतो. २५० च्या पुढे धोका जास्त धरला जातो आणि ४०० च्या पुढे तो झपाट्याने चढतो. दहा वर्षांनी कॅन्सर उलटला आणि पुन्हा हेच औषध देण्याचा प्रश्न आला, तर आयुष्यातला साठा किती झाला आहे हे या एका आकड्यावरूनच ठरते. एपिरुबिसिनची पट्टी वेगळी असल्याने त्याची बेरीज डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. धोका मोठा असलेल्या रुग्णांत त्याच औषधाचा लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कोशात भरलेला) प्रकार, डेक्सराझॉक्सेन हे संरक्षक इंजेक्शन किंवा आधीपासून हृदयाच्या गोळ्या असे पर्याय असतात. ते आपल्याला लागू आहेत का, हे पहिल्या डोसआधी विचारावे, तिसऱ्या डोसानंतर नव्हे.

ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभर चालते. त्याने पंपिंग उतरले तरी औषध काही काळ थांबवून हृदयाच्या गोळ्या सुरू केल्यावर बहुतेकांचे पुन्हा वर येते. आक्काचे तसेच झाले. तीन महिन्यांनी आकडा ५५ झाला आणि थांबलेले डोस पुन्हा सुरू झाले. या औषधावर असताना सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांनी एको काढतात आणि ती तारीख लग्नकार्यासाठी पुढे ढकलायची नसते, एवढे आम्ही मोल देऊन शिकलो.

फ्लुरोयुरासिल आणि त्याची गोळी असलेले कॅपेसिटाबिन आतडे, जठर आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये बरेच वापरतात. या औषधाने काहींच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अचानक आवळतात आणि छातीत कळ येते, तीही बहुधा पहिल्याच फेरीच्या सुरुवातीच्या दिवसांत. गोळी घरी घ्यायची असल्याने धोका इथे अधिक, कारण छातीत दुखले तरी ‘कोर्स अर्धा सोडू नये’ या समजुतीने लोक संध्याकाळची गोळी घेतात. छातीत कळ आली, तर पुढची गोळी घेऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावे.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये दिले जाणारे सिस्प्लॅटिन रक्तातील मॅग्नेशियम आणि पोटॅशियम कमी करते. त्यात उलट्यांची भर पडली की हृदयाची लय बिघडू शकते. इम्युनोथेरपीमुळे (रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागवणाऱ्या उपचारांमुळे) हृदयाच्या स्नायूला सूज येणे दुर्मीळ आहे, पण ती आली तर जिवावर बेतते. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत धाप, छातीत दुखणे, पापण्या जड होऊन खाली येणे किंवा अंग विलक्षण दुखणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी दाखवावे. बेव्हॅसिझुमॅब, सुनिटिनिब आणि त्यांच्यासारखी औषधे रक्तदाब चढवतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरमधली हार्मोनची इंजेक्शने साखर आणि चरबी वाढवतात.

रेडिएशन डाव्या स्तनावर, अन्ननलिकेवर किंवा छातीच्या मध्यभागी असेल, तर हृदयाला किती मात्रा पोहोचणार आहे हे योजना आखतानाच विचारावे. खोल श्वास घेऊन तो रोखला की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते आणि मात्रा कमी होते. ज्या केंद्रात अशी सोय आहे तिथे तिचा आग्रह धरणे योग्य ठरते. श्वास रोखण्याचा सराव घरी आधी दहा-बारा दिवस करता येतो. मानेवर रेडिएशन झालेल्यांच्या मानेतल्या रक्तवाहिन्या पुढे अरुंद होऊ शकतात आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो, ही गोष्ट तोंडाच्या कॅन्सरमधून बरे झालेल्यांच्या सहसा कानावर पडत नाही.

तिसरी पायरी : वही

दोनशे पानांची साधी वही घ्यावी. मोबाईलमधल्या फोटोंवर विसंबू नये, कारण ऐन वेळी ते लग्नाच्या फोटोंखाली गाडले जातात. पहिल्या पानावर कॅन्सरचे नाव, औषधांची नावे, प्रत्येक डोसाची तारीख आणि मिलिग्रॅम, रेडिएशनची बाजू आणि एकूण मात्रा, आणि प्रत्येक एकोची तारीख व आकडा, एवढेच असावे. डोसाचे मिलिग्रॅम डिस्चार्ज कार्डावर नसतील, तर नर्सबाईंना किंवा रुग्णालयातील औषध विभागाला विनंती करावी, ते सांगतात. पहिल्या पानाची प्रत प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावी, त्यांनी मागितली नसली तरी.

पुढच्या पानांवर रोजच्या नोंदी येतात. सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करावे. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे आणि आधी अर्धा तास चहा घेऊ नये. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्या हातावर पट्टा बांधू नये. घरी मोजलेला रक्तदाब वारंवार १३५/८५ च्या वर जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. १८०/११० च्या वर गेला, तर त्याच दिवशी.

चौथी पायरी : अशक्तपणा कोणता आणि हृदयाची तक्रार कोणती

केमोने थकवा येतोच आणि बऱ्याचदा रक्त कमी झाल्यानेही धाप लागते, त्यामुळे घरच्यांची गफलत होणे स्वाभाविक आहे. तरीही काही खुणा अशा आहेत की त्यांना अशक्तपणाच्या खात्यात टाकू नये. आडवे पडल्यावर गुदमरल्यासारखे होणे आणि उठून बसल्यावर बरे वाटणे. उशांची संख्या वाढणे. मध्यरात्री धाप लागून जाग येणे किंवा आडवे पडताच कोरडा खोकला सुरू होणे. जेवण कमी असूनही दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणे, कारण ते मांस नसून साठलेले पाणी असते. घोट्यावर बोट दाबले की खळगा राहणे, संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटणे. आक्काच्या पायातली जोडवी काढताना साबण लावावा लागला होता; ते आम्ही हसण्यावारी नेले होते.

एकाच पायावर सूज आणि पोटरीत दुखणे असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. ती फुप्फुसात सरकली तर जीव धोक्यात येतो, म्हणून तो पाय चोळू नये आणि त्याच दिवशी दाखवावे. छातीत कळ, चक्कर येऊन पडणे, न थांबणारी धडधड किंवा एकाएकी वाढलेली धाप असेल, तर १०८ ला फोन करावा आणि दारात रुग्णवाहिका आली की वही विसरू नये.

लवकर धावपळ का करायची, याला ठोस आधार आहे. लाल औषधाने हृदय कमजोर झालेल्या रुग्णांचा इटलीत झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की केमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हृदयाचे उपचार सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे पंपिंग पूर्ववत झाले; सहा महिन्यांनंतर सुरुवात झालेल्यांपैकी एकाचेही पूर्णपणे झाले नाही.

पाचवी पायरी : ताट, ऊन आणि चालणे

केमोच्या दिवसांत तोंडाला चव नसते आणि शेंगाचटणीशिवाय घास उतरत नाही, हे प्रत्येक सोलापूरकर जाणतो. पथ्याच्या नावाखाली तीही बंद केली तर माणूस जेवतच नाही, म्हणून ती घरी, मीठ निम्मे घालून कुटावी. लसूण आणि जिरे थोडे वाढवले की उणीव जाणवत नाही. पापड, लोणचे, खारे शेंगदाणे आणि फरसाण मात्र खरोखर टाळावे. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या आत असावे. सैंधव हेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा त्रास किंवा हृदयाच्या काही गोळ्या चालू असताना ते घातक ठरू शकते. भाकरी, डाळ, भाज्या, ताक हे आपले नेहमीचे जेवण हृदयाला उत्तम आहे आणि उपचार चालू असताना वजन घटत असेल, तर तेलातुपाची काटकसर करण्याची ती वेळ नव्हे.

ओळखीपाळखीतून येणारे काढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नयेत. त्यांतला ज्येष्ठमध घशाला बरा वाटतो, पण जास्त झाला तर रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्यांनी शरीरात पाणी साठते, म्हणून त्याही विचारूनच घ्याव्यात.

एप्रिल-मेमधले आपल्याकडचे ऊन हा वेगळा विषय आहे. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना घामाने पाणी गेले, तर रक्तदाब एकदम उतरतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसरीकडे, हृदय कमजोर असलेल्याला ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही बाधतो. दिवसाला किती लिटर, हा आकडा डॉक्टरांकडून उन्हाळा सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावा आणि तेवढ्याच मापाचा तांब्या-बाटली सकाळी भरून ठेवावी.

चालणे हा उपचारच आहे. सुरुवात अंगणातल्या पाच मिनिटांनी करावी आणि जमेल तसे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. आक्का पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चालते आणि दाजी मागून पिशवी घेऊन येतात. ताप असेल, हिमोग्लोबिन फार उतरले असेल किंवा नव्याने धाप लागत असेल, त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

सहावी पायरी : उपचार संपल्यानंतर

शेवटच्या डोसानंतर पेढे वाटले जातात आणि वही कपाटात जाते. धोका जास्त असलेल्या औषधांनंतर तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यात एको काढावा. पुढचे अंतर डॉक्टर ठरवतात, पण रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी दरवर्षी, आयुष्यभर. छातीवरच्या रेडिएशनचे परिणाम २० वर्षांनंतरही दिसू शकतात. लहानपणी रक्ताचा कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुलामुलींची वही आईवडिलांनी लग्नाच्या वयापर्यंत जपून ठेवावी. अशा मुलीला दिवस राहण्यापूर्वी एको करून घेणे गरजेचे असते, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार बराच वाढतो आणि प्रसूतितज्ज्ञांना जुन्या केमोची कल्पना कोणी दिलेली नसते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या तपासण्या आणि उपचार बसतात, ते योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे. परगावी उपचार चालू असले, तरी मधल्या तपासण्यांसाठी सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयाचा पर्याय विचारात घ्यावा.

पुढे कधीही भूल देऊन कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, गुडघ्याची असो वा पित्ताशयाची, तर भूलतज्ज्ञांना पहिले पान दाखवावे. मागच्या वर्षी आक्काच्या पित्ताशयाच्या वेळी भूलतज्ज्ञांनी ते पान दोनदा वाचले, ताजा एको मागवला आणि सलाईनचा वेग कमी ठेवायला सांगितले.